क्लचची रिकामी जागा

उद्या बाजार आहे आणि मला भीती वाटते आहे. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? बाकी सगळ्यांपुढे मी तोंड वर करून फिरते आहे. घाट उतरून आले, बासरला गोदावरीवर जाऊन आले, आता आदिलाबादचा बाजार तो काय, असं शेजारच्या बायांना ठणकावून सांगितलं. वसंत भाऊजींनी तर गावभर करून ठेवलंय की वहिनी पक्की ड्रायव्हर झाली. मी ऐकून घेते आणि काहीतरी काम काढून आत निघून जाते.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. अंगणात चुलवणाची राख आहे, पत्रावळींचा ढीग आहे, आणि लिंबाखाली तुमची गाडी उभी आहे, तोंड रस्त्याकडे करून, तुम्ही लावायचात तशीच. या वेळी ती मी लावली आहे, एवढाच फरक. वांगी तोडून झाली, मेथीच्या जुड्या बांधल्या, कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकलं. माल तयार आहे. माझं काही खरं नाही.

"काऊन भेऊन राह्यली तू? मी हाओ ना इथं." बाजूच्या सीटवर बसून असं म्हणायचात, आणि म्हणता म्हणता नसलेला ब्रेक पायाने दाबायचात. तुम्हाला वाटायचं मला ते दिसत नाही. मला सगळं दिसायचं. माझ्याहून जास्त तुम्हीच भ्यायचात आणि वर मलाच शहाणपण शिकवायचात. उद्या त्या सीटवर वांग्यांचं पोतं ठेवणार आहे मी. रिकामी सीट घेऊन मला गाडी चालवता येणार नाही.

तुम्ही तापाने फणफणला होतात आणि तोडलेली भाजी अंगणात सडली होती, ते आठवतं? जीप दारात, माल दारात, मीही दारात. पण जीपला तीन पॅडल, आणि माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओपासून कॅलिपरमध्ये. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद आणि खाली तो जड बूट. चालताना तो पाय मी पुढे टाकू शकते, पण क्लच दाबायचा जोर त्यात कधी नव्हताच. तेव्हा मी भाजीकडे बघून चिडून म्हणाले होते, "मले चालवता आली असती तं हे सडलं नसतं." तुम्ही गोधडीत कूस बदललीत. मला वाटलं, झोपेत आहात.

ऐकलं होतंत तुम्ही. पुढे एक दिवस हैदराबादहून पोत्यात गुंडाळलेलं एक धूड टेम्पोत घालून आणलंत. तेल गळत होतं, अंगण काळं झालं. मी विचारलं, हे काय आणलं? तुम्ही पोत्यावर हात ठेवून म्हणालात, "तुझा डावा पाय."

भंगारातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता तो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस तुम्ही, तुम्हाला वाटलं बसवला की झालं. गॅरेजवाल्या सलीमभाईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि हसायलाच लागले. "गिअरबॉक्स तो ले आए भाई, पर इसका दिमाग किधर है?" मग त्यांनीच समजावलं की असल्या गिअरबॉक्समध्ये कोणता गिअर कधी टाकायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि ज्या गाडीचा हा, ती गाडी तर कधीच कापली गेली. दिमाग नसेल तर हे नुसतं लोखंड. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, सुटलो. तुम्ही मात्र त्याच दिवसापासून मोबाईल घेऊन दिमाग शोधायला बसलात.

तो आला तेव्हा मला हसू आवरेना. एवढ्या आटापिट्यानंतर शाळकरी पोरांच्या जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा, आणि त्यातून निघालेली वायरींची वेणी. बाहेरच्या देशातल्या कोणत्या तरी कंपनीचा, कुठल्याही गाडीला जोडता येणारा कंट्रोलर. सोबत इंग्रजी कागदांचा गठ्ठा. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरून तुम्ही त्याचं मराठी करायचात, आणि ते मराठी असं काही निघायचं की आपण दोघं पोट धरून हसायचो. तरी तुम्ही सोडलं नाही. डिझेलच्या पंपाला एक सेन्सर लावलात, म्हणजे माझा पाय किती दाबला गेला हे डब्याला कळावं. दुसरा चाकांचा वेग मोजायला. समोर काचेखाली आकडा उजळणारी छोटी पाटी लावलीत, कोणता गिअर चालू आहे ते दाखवणारी. क्लचचं पॅडल काढून टाकलंत आणि त्या कोपऱ्यात, आतल्या पत्र्याला, डबा ठोकून बसवलात. "इथं पानी येत नाई, गरमी येत नाई, अन् जागा तं रिकामीच हाय," म्हणालात. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आरटीओच्या हपिसात गाडीची तपासणी करून घ्यायला किती खेटे घातलेत ते तर विचारूच नका.

डब्याला शिकवायचे ते दिवस मला रोज आठवतात. गुडीहत्नूरच्या पुढे हायवे मोकळा मिळायचा, तिथे तुम्ही गाडी चालवायचात आणि मी कुणाकडून तरी मागून आणलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. तुम्ही म्हणायचात, "बोल." मी पाटीवरचा आकडा बघून म्हणायची, "दुसरा." थोडं पुढे गेलं की पुन्हा, "बोल." "तिसरा." गिअर पडताना गाडीने धक्का दिला की बाजूला थांबून तुम्ही लॅपटॉपवर काहीतरी बदलायचात, आणि पुन्हा "बोल." कापसाच्या गाड्यांवर बसलेली माणसं आपल्याकडे बघत जायची. नवरा-बायको हायवेवर पाढे म्हणत चाललेत असं वाटलं असेल त्यांना.

आणि तुमची बसायची ती तऱ्हा! क्लच गेल्यावर डाव्या पायाला काम उरलं नाही, म्हणून तुम्ही तो सरळ सीटवर दुमडून मांडीखाली घ्यायचात. "गाडी चालवून राह्यले का पंगतीले बसले?" मी विचारायची. "आता पंगतच समज," म्हणायचात. सलीमभाईंनीही एकदा हटकलं होतं, तरी तुमची ती सवय गेली नाही.

मग मला शिकवलंत. माझा उजवा पाय तुम्हाला फार हलका वाटला. "तू दाबतं अन् लगेच सोडतं. डब्याले समजत नाई बाईले जायचं हाय का थांबायचं हाय." म्हणून माझ्यासाठी वेगळी सेटिंग भरलीत. एका खटक्यावर दोन बाजू, एक तुमची, एक माझी. माझ्या बाजूला गिअर हळू पडायचे, उताराला ब्रेक लावला की गाडी आपण होऊन खालच्या गिअरवर यायची. कोणती बाजू कुणाची ते कळावं म्हणून माझ्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन माझ्या बाजूला टिपका लावलात. तुम्ही गेलात त्या दिवशी बायांनी माझं कुंकू पुसलं. खटक्यावरचं कुणाला दिसलं नाही. ते अजून आहे.

आता भांडणाचं बोलते. ते अर्धं राहिलं आहे आणि मला झोपू देत नाही.

मी चालवायला बसले की तो डबा मधेच मरायचा. समोरची पाटी काळी पडायची आणि गिअर आपोआप तिसऱ्यावर जाऊन तिथेच बसायचा. गिअरचा दांडा ओढा, काही करा, ऐकायचाच नाही, कारण गिअर बदलायचा हुकूम डबाच देतो. तुम्ही मला समजावून सांगितलं होतंत, "डब्याची वीज गेली का गिअरबॉक्स तिसऱ्यात जाते. ते मुद्दामच तसं केलं हाय. गाडी रस्त्यात मरू नये, हळूहळू का होईना, घरी यावी." सपाटीवर ठीक आहे. पण चढावर त्या तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा जीव जातो, आणि उतारावर इंजिन तिला धरून ठेवत नाही, ती पळते. पहिल्यांदा झालं ते ओढ्यावरच्या पुलाच्या उतारावर. मग हायवेला मागून लॉरीने भोंगा मारला तेव्हा. मग आठवडी बाजाराच्या गर्दीत एक म्हैस आडवी आली तेव्हा. दर वेळी मी कशीबशी गाडी थांबवायची, तुम्ही उतरून माझ्या जागी येऊन बसायचात, आणि पाटी लख्ख. सगळे गिअर बिनबोभाट. एकदा तर तुम्ही रागाने इच्चोड्यापर्यंत जाऊन परत आलात, मुद्दाम खड्ड्यांतून. काही झालं नाही.

"डब्यात काई नाई," तुम्ही म्हणालात. "तू भेतं, अन् भेऊन काईतरी करतं."

"मी काय करतो? मी भेली म्हणून डबा कसा बंद पडन? त्याले काय माईत मी भेली का नाई भेली?"

"तेच तं म्हणून राह्यलो. डब्याले माईत नाई. म्हणजे तूच काईतरी करतं."

"तुमच्या हातचं काम हाय, म्हणून तुमाले खोट दिसत नाई त्यात."

हे मी जेवताना म्हणाले. तुमचा घास हातातच राहिला. मग हात धुवायला उठलात आणि दारातून म्हणालात, "उद्या खोलून पाह्यतो." एवढंच. तुमचं आपल्या भांडणातलं शेवटचं वाक्य. सकाळी तुम्ही गोठ्याजवळ खाली बसलात ते बसलातच.

वसंत भाऊजींनी आणि मी तुम्हाला उचलून गाडीत मागे झोपवलं. भाऊजींना मोटारसायकलच्या पुढे काही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते मागे तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि मी चालवायला. हायवेला लागत नाही तोच पाटी काळी पडली. आदिलाबादपर्यंत तिसऱ्या गिअरवर नेलं तुम्हाला. मागून भाऊजी ओरडत होते, "वहिनी, जोरात घ्या," आणि मी पाय दाबत होते आणि गाडी नुसती कण्हत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घरीच संपलं होतं, तुम्ही विमानाने आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता. काही दिवशी मी त्यांचं खरं मानते. काही दिवशी मला पुन्हा ती काळी पाटी दिसते.

अग्नी भाऊजींनीच दिला. रक्षा सावडून आलो त्या दुपारी ते माझ्यापुढे खाली मान घालून बसले. "वहिनी, तेरावं झालं का गाडी देऊन टाकू. गिऱ्हाईक हाय एक. तो डबा-बिबा काढून साधा गिअर बसवून घेतो म्हणते." पुढे म्हणाले, "दादाले समजत होतं त्यातलं. आता कोन हाय? उद्या तुमालेच काई झालं तं मी काय करू?" त्यांचा वाईट हेतू नव्हता हो. त्या दिवशी मागे तुम्हाला घेऊन बसल्यापासून तेही त्या गाडीला भितात. पण ही गाडी गेली तर दुसरी मिळेल ती क्लचचीच, आणि क्लच म्हणजे मी पुन्हा दारात. भाजी पिकवायची आणि कुणाची गाडी रिकामी आहे का म्हणून वाट बघत बसायची. तुम्ही पोत्यात घालून आणलेला माझा पाय ते परत घेऊन चालले होते.

माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. विचार करायच्या आधीच बोलून गेले, "त्याइच्या अस्थी याच गाडीत जातीन बासरले. अन् मी नेईन. काई झालं तं इका मग."

"वहिनी, घाट हाय निर्मलचा."

"मले माईत हाय घाट हाय."

बोलले आणि लगेच पस्तावले. नको नको म्हणणारं कुणीतरी निघेल असं वाटलं होतं. भाऊजी नुसतेच "बरं" म्हणाले आणि उठून गेले. बाया कुजबुजल्या की ही आता स्वतः चालवत जाणार, पण तोंडावर कुणी बोललं नाही. रात्रभर मी गोदावरी सोडून बाकी सगळ्या देवांना हाका मारल्या.

नेरडीगोंड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मी तुमच्याशी बोलत होते, मनात. "बोल," तुम्ही म्हणत होतात, आणि मी पाटी बघून "चौथा" म्हणत होते. भाऊजी बाजूला, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. सकाळचं ऊन होतं, कापसाने लादलेल्या गाड्या समोरून आदिलाबादकडे चालल्या होत्या. मग झाडी दाट झाली, कठड्यावर माकडं दिसायला लागली आणि रस्ता पुढून खाली वाकला.

पहिलं वळण बरं गेलं. ब्रेक लावला, गाडी तुमच्या सेटिंगप्रमाणे शहाण्यासारखी दुसऱ्यावर आली, इंजिनाने तिला धरलं. मग मागून एक लॉरी अगदी चिकटून आली आणि तिने भोंगा वाजवायला सुरुवात केली. आरशात नुसतं तिचं तोंड भरलं होतं. आणि पाटी काळी पडली.

अहो, मी ते कसं सांगू? गाडी हातातून सुटल्यासारखी पुढे धावली. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, जणू त्याने अंग काढून घेतलं. मी ब्रेकवर उभी राहिले म्हटलं तरी चालेल. रबर जळाल्यासारखा वास यायला लागला. भाऊजी मडकं छातीशी धरून "दादा, दादा" म्हणत होते. देवाला नाही, तुम्हाला हाक मारत होते. मला एवढंच कळत होतं की समोर वळण आहे आणि वळणाच्या पलीकडे झाडांचे शेंडे आहेत, बुंधे दिसत नाहीत. मी मरेन असं नाही वाटलं. मला वाटलं, हे मडकं इथे फुटणार आणि तुम्ही नदीऐवजी या दरीत सांडणार, माझ्या हाताने. त्या भीतीपुढे बाकीची भीती काहीच नव्हती.

वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढीग होता. त्यात घातली गाडी. थांबली. लॉरी भोंगा मारत बाजूने गेली, आणि पुढे जाऊन तिच्या ड्रायव्हरने थांबवून मान बाहेर काढली. "एमैंदम्मा?" काय झालं म्हणून विचारत होता बिचारा. भाऊजींनी हात हलवला, "एम लेदु, एम लेदु." काही नाही म्हणाले, आणि रडायला लागले.

मला त्या गाडीतून उतरायचं होतं, बाकी काही नको होतं. डावा पाय बाहेर काढायचा तर मला दोन्ही हातांनी मांडी उचलावी लागते. इंजिन चालूच होतं. मी मांडी उचलली, बूट त्या कोपऱ्यातून निघाला, आणि समोर पाटी पेटली.

मी तशीच थांबले. पाय हातात धरलेला. पाटीवर दिवा लख्ख. भाऊजींनी डोळे पुसून पाहिलं. मी पाय पुन्हा खाली ठेवला, नुसता. दिवा तसाच. मग मी, का कोण जाणे, डाव्या हाताने मांडी दाबली. बूट पुढे सरकला. पाटी काळी. उचलला, पेटली. दाबला, काळी.

भाऊजी मडकं सीटवर ठेवून खाली उतरले, माझ्या बाजूला आले आणि गुडघ्यावर बसून आत डोकावले. "वहिनी," ते म्हणाले, "तुमचा बूट डब्याच्या वायरीच्या पिनीले लागून राह्यला. दाबला का पिन हालते अन् वीज जाते."

लग्नाच्या आधी मला बघायला आलात तेव्हाच तुम्हाला माझी ती खोड दिसली होती. भीती वाटली की मी डाव्या हाताने मांडी घट्ट दाबून धरते. लहानपणापासूनची सवय. तो पाय मला नेहमी ऐनवेळी दगा द्यायचा, म्हणून आधीच त्याला धरून ठेवायचं. तुम्ही गाडीत किती वेळा ओरडलात, "दोनी हात स्टेअरिंगवर ठेव." गिअर टाकायचे नाहीत, तर डावा हात मोकळाच. लॉरीने भोंगा मारला की हात मांडीवर. म्हैस आली की हात मांडीवर. तुम्ही मागे निपचित पडला होतात तेव्हा तर तो हात मांडीवरून उठलाच नसेल. आणि तुम्ही माझ्या जागी बसायचात ते पाय दुमडून, पंगतीला बसल्यासारखे. तुमचा पाय त्या कोपऱ्यात कधी गेलाच नाही.

म्हणजे तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. मी भ्यायची म्हणूनच डबा बंद पडायचा. आणि मी म्हणत होते तेही बरोबर होतं. खोट तुमच्याच कामात होती. भांडण सुटलं हो, आणि जिंकल्याचं तुम्हाला सांगावं तर तुम्ही मांडीवर मावणाऱ्या मडक्यात. मी त्या घाटात मोठ्याने हसले. भाऊजींना वाटलं, वहिनीचं डोकं फिरलं.

हसू थांबलं आणि मग ते माझ्या लक्षात आलं. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. तुम्ही या गाडीतलं एकूण एक काम माझ्या पायासाठी केलंत. हैदराबादला गेलात पायासाठी, ते कागद उलगडत बसलात पायासाठी, माझ्यासाठी वेगळी सेटिंग, वेगळा खटका. आणि डबा ठोकताना तुम्ही काय म्हणालात? जागा रिकामीच आहे. हा पाय घेऊन ही बाई तिथे बसेल तेव्हा तो पाय कुठे ठेवेल, हे तुमच्या मनातही आलं नाही. आख्ख्या जगाला आधी माझा पाय दिसतो, मग मी दिसते. शाळेत तसंच, बाजारात तसंच, माझ्या आईलासुद्धा तसंच. एक तुम्हीच होतात ज्यांना तो पाय दिसेनासा झाला होता. मला राग यायला हवा होता. त्या चुकीने तुम्हाला दवाखान्यात तिसऱ्या गिअरवर नेलं, घाटात आम्हाला मारलंच असतं. आणि मी तिथे मुरमाच्या ढिगाजवळ रडत होते ते आनंदाने, हे भाऊजींना कसं समजावून सांगू? हे तुम्ही जिवंत असताना मला कळलं असतं तर मी तुम्हाला खूप बोलले असते आणि नंतर, मला माहीत आहे, तुमच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं असतं.

भाऊजींनी खांद्यावरचा रुमाल काढून डबा आणि वायरी वर ओढून बांधल्या. ब्रेक निवेपर्यंत आम्ही कठड्याजवळ बसलो, मडकं मध्ये ठेवून, आणि माकडं हाकलत राहिलो. मग उरलेला घाट उतरलो. भीती गेली म्हणाल तर नाही गेली. हात मांडीवरच होता सगळा वेळ. पण पाटी पेटलेली होती, दुसरा, दुसरा, दुसरा. बासरला पाण्यात उतरताना भाऊजींनी मला धरलं. तुम्हाला सोडताना मी तोंडाने काही बोलले नाही. काठावर गर्दी होती, आणि आपलं भांडण लोकांपुढे कशाला?

परत आल्यावर भाऊजींनी आपण होऊन गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. परवा सलीमभाई येऊन डबा सीटच्या मागे वर बसवून गेले. मग त्यांनी त्या कोपऱ्यावरून हात फिरवला. "भाई ने इतना सब सोचा," म्हणाले, आणि अवजारं पिशवीत भरायला लागले. जाताना एवढंच म्हणाले, "अब आराम से पैर रखो, भाभी." पत्र्याला तुमच्या स्क्रूची भोकं तेवढी राहिली आहेत. ती बुजवू का म्हणून त्यांनी विचारलं. मी राहू द्या म्हटलं.

मघाशी मी जाऊन बसून आले. इंजिन चालू केलं, कुंकवाच्या बाजूला खटका टाकला, पाटी पेटली. बाजूच्या सीटकडे बघितलं नाही. हायवेवरच्या लॉऱ्या, बाजारातली गर्दी, ओढ्यावरचा पूल, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि हात आपोआप मांडीवर गेला. दाबला. बूट सरकत त्या कोपऱ्यात गेला आणि पत्र्याला टेकला. पाटी पेटलेलीच राहिली. उद्या वाटेत मी खूप भिणार आहे, तुम्ही होतात तेव्हापेक्षा जास्त. भिऊन घेईन. गाडी चालत राहील.